एका नडगीला मिळालेली स्थगिती

रस्ता ही सार्वजनिक जागा आहे, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. तालुक्याच्या न्यायालयात लिपिक म्हणून माझी हयात गेली, आणि रस्ते, बांध, वहिवाटी यांवरून माणसे एकमेकांची डोकी कशी फोडतात याची कागदपत्रे मी स्वतःच्या हाताने लावून ठेवली आहेत. त्यामुळे आमच्या गावची भरतीची मुले पहाटे माझ्या घरावरून धावत जातात, याबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. तक्रार होती ती टाळ्यांबद्दल.

चौककडून कर्जतकडे जाताना डोंगराच्या पायथ्याशी आमचे गाव लागते. सैन्यात जाऊ इच्छिणारी दहा-पंधरा मुले-मुली तेथे रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. त्यांचा म्होरक्या स्वतः भरतीच्या मैदानावरून दर वेळी हात हलवीत परतला होता आणि वयोमर्यादा संपल्यावर त्याने इतरांना शिकवण्याचा वसा घेतला होता. यात मला विसंगती दिसत नाही. आमच्या न्यायालयातही हरलेले पक्षकारच इतरांना सर्वाधिक सल्ले देत. मुले त्याला ‘सर’ म्हणत. या सरांनी एक प्रथा पाडली होती. जो पहाटे आला नाही, त्याच्या दारासमोर सगळा ताफा उभा राहायचा आणि तो बाहेर येईपर्यंत एका तालात टाळ्या वाजवायचा. शिवी नाही, हाक नाही, नुसत्या टाळ्या. तापाने फणफणलेला एक मुलगा एकदा चादर गुंडाळून बाहेर आला आणि चादरीसकट पळाला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

दबावाखाली मिळवलेली संमती ही संमती नव्हे. हे मी ग्रामपंचायतीला, पोलीस पाटलाला आणि तहसील कार्यालयाला सविस्तर कळवले. ग्रामपंचायतीचे उत्तर आले की, टाळी वाजवण्यास प्रतिबंध करणारी तरतूद आढळून येत नाही. मी त्यांना तरतूद कळवली. पुढे उत्तर आले नाही.

या ताफ्यात माझ्या शेजाऱ्याची मुलगी होती. तिचा बाप साजगावच्या कारखान्यांचा माल टेंपोने वाहतो. त्याचे माझे संबंध न्यायप्रविष्ट म्हणावेत असे होते: त्याने घरावर नवे पत्रे घातल्यापासून त्याच्या पागोळीचे पाणी थेट माझ्या अंगणात पडते, आणि ते कायद्याने त्याच्या हद्दीत पडले पाहिजे. वाद सुरू झाल्या दिवसापासून मी त्याला ‘आपण’ म्हणू लागलो. त्याला ते शिवीपेक्षा जास्त लागले. मुलगी मात्र या वादात पक्षकार नव्हती. ती मला ‘आजोबा’ म्हणे आणि माझी टपालाची पाकिटे नाक्यावरच्या पेटीत नेऊन टाकी.

ती लेखी परीक्षा उत्तीर्ण झाली होती. मैदानी चाचणी व्हायची होती, आणि ही संधी हुकली तर पुढच्या भरतीला तिचे वय बसणार नव्हते. गावाने तर वाट पाहण्याचेही कष्ट घेतले नव्हते. नाक्यावर भला मोठा फलक लागला होता: वर पुढाऱ्यांच्या मुंडक्यांची रांग, मध्ये ही. तिचा चेहरा बंदूक धरलेल्या कोणा दांडग्या जवानाच्या धडावर चिकटवला होता.

भातकापणीच्या सुमारास एका सकाळी मी पाहिले, ती स्वतःच्या ओट्याच्या पायऱ्या पाठमोरी, भिंतीला धरून उतरत होती.

“काय गं, पायऱ्या उलट्या का उतरतेस?”

“व्यायाम हाय, आजोबा.”

“कोणता?”

“उलट्या पायऱ्यांचा.”

खोटी साक्ष देणारा माणूस उत्तर फार लवकर देतो. मी तिला कुंपणाशी बोलावले.

“कुठं दुखतंय? हात ठेव.”

सगळी पोटरी आंबली असती तर तिने हात फिरवला असता. तिने नडगीच्या हाडावर, आतल्या बाजूला, एकच बोट ठेवले, आणि ठेवताच उचलले.

“कधीपासून?”

“आधी पळून झाल्यावर दुखायचं. मग पळताना दुखाय लागलं.”

“आणि आता?”

“आता बसल्यावर पण.”

“तुझ्या सरांना सांगितलंस?”

“सांगितलं ना. सर म्हणाले, दुखतंय म्हणजे होतंय.”

“काय होतंय?”

“ते नाय सांगितलं.”

माझा गुडघा त्या सुमारास कुरकुरत होताच. मी तिच्या आईला सांगितले की मला खोपोलीला हाडांच्या डॉक्टरकडे जायचे आहे आणि पिशवी धरायला कोणीतरी हवे. डॉक्टर बाई तरुण होत्या. माझ्या गुडघ्याकडे त्यांनी फारसे लक्ष दिले नाही, ते मी त्यांना तेव्हाच माफ केले. मुलीच्या नडगीवर त्यांनी अंगठा दाबला, तिला एका पायावर उडी मारायला लावली, आणि उडी मारताना तिचा चेहरा पाहून दुसरी उडी मारू दिली नाही. क्ष-किरण चित्रात काही दिसले नाही.

“चित्रात उशिरा दिसतं,” त्या म्हणाल्या. “हाड मोडण्याआधी आपल्याला नोटीस देतं. ही ती नोटीस.”

मला बाई एकदम आवडल्या.

मग त्यांनी मला बाहेर बसवून मुलीला काही खाजगी विचारले. परत बोलावले तेव्हा त्यांचा आवाज चढला होता.

“हिनं वजन कमी करायचं म्हणून भात सोडलाय. रोज पळते, एक दिवस सुट्टी नाही. डांबरावर, आणि या बुटांत!” बुटांचे तळ टाचेकडे पार झिजून एका बाजूला कलले होते. “अहो आजोबा, हाड पळताना घट्ट होत नाही, पळून झाल्यावर विश्रांतीत होतं. विश्रांतीच दिली नाही तर ते रोज थोडं झिजतं, आणि एक दिवस मैदानातच चिरतं. मग महिनोन् महिने पळणं बंद. भरती वगैरे विसरा.”

“आणि आता थांबली तर?” मी विचारले.

“तीन आठवडे अजिबात पळायचं नाही. सायकल चालवावी, कमरेचे-मांडीचे व्यायाम करावेत, पोटभर जेवावं. मला दाखवावं. मग मातीवर, एक दिवसाआड, दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत. चाचणीपर्यंत नीट वेळ आहे.”

मला वाटले, प्रश्न निकाली निघाला. एस.टी.च्या थांब्यावर मुलगी बाकड्यावर बसली आणि तिने डोळे पुसायला सुरुवात केली.

“तीन आठवडे? आजोबा, एक दिवस नाय गेले तर दारात टाळ्या वाजवतात. नाक्यावर माझा फोटो लावलाय. बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय. घरी बसले तर म्हणतील, बघा, पोरगी ती पोरगीच.”

“आणि पाय मोडला तर?”

“मोडला तर निदान हळहळतील तरी. बसले तर हसतील.”

यावर कायद्यात उत्तर नव्हते. पाय मोडण्याला गावात प्रतिष्ठा होती आणि तो वाचवण्याला नव्हती. तिला न पळण्यासाठी असे कारण हवे होते, ज्यात दोष दुसऱ्या कोणाचा तरी असेल. गावात असा माणूस कोण, की ज्याला दोष देण्याची सर्वांना सवय आहे? एस.टी. येईपर्यंत तो मला सापडला.

“मी तुझ्यावर हरकत घेतो,” मी म्हणालो.

“काय?”

भरती झालेल्याची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते, हे आमच्याकडे शाळकरी पोराला ठाऊक आहे. नावावर साधी तक्रार असली तरी नोकरी जाते, अशी एक ऐकीव भीती गावोगाव आहे. भरतीच्या मुलांना आया भांडण सोडवायलासुद्धा जाऊ देत नाहीत. म्हणजे मी नुसते ओरडलो, की तक्रार करीन, तरी पुरे होते. एकच पथ्य होते: खरोखर एक अक्षरही लिहायचे नाही. लिहिलेला कागद कोठेतरी नोंदला जातो आणि मुलीला खरोखरच नडतो. जे करायचे ते तोंडीच. माझ्यासाठी ही तपश्चर्या होती.

मुलगी रडता रडता हसू लागली. “आजोबा, तुमाला जमंल?”

“मला ओरडायला जमेल का, असं विचारतेस?”

दुसऱ्या दिवशी ती ठरल्याप्रमाणे अंथरुणातच राहिली. ताफा आला, टाळ्या सुरू झाल्या. मी काठी घेऊन रस्त्यावर उतरलो आणि म्हणालो की हा सार्वजनिक उपद्रव आहे, तो या मुलीच्या घरासमोर चालतो, म्हणून जबाबदार हीच आहे, आणि यापुढे ही मुलगी गावच्या रस्त्यावर धावताना दिसली तर मला योग्य त्या ठिकाणी योग्य ती कार्यवाही करणे भाग पडेल. या वाक्यात नेमके काहीच नाही. परंतु आयुष्यभर पाहिले आहे, नेमक्या वाक्याला माणूस उत्तर देतो, या वाक्याला घाम फुटतो.

मुलगी ओट्यावर आली. तिला फक्त मान खाली घालायची होती. तिने कमरेवर हात ठेवले.

“म्हातारा झालात तरी खोड नाय गेली! कुणाचं चांगलं बघवत नाय ह्यांना!”

हे आमच्यात ठरले नव्हते.

ताफ्याचे धाबे दणाणले. “गप गं!” एक मुलगी पुटपुटली, “पडताळणीला नाव येईल!” सर घाईघाईने पुढे झाले आणि त्यांनी स्वतःच्या मुखाने तिला आज्ञा केली, “तू आत जा. आणि हा म्हातारा थंड होईपर्यंत बाहेर पळायचं नाय. ऐकलंस?”

“पण सर, माझी तयारी...”

“तयारी गेली खड्ड्यात! चारित्र्य जाईल!”

अशा रीतीने डॉक्टरांचा सल्ला सरांच्या सहीने अमलात आला.

पुढचे दिवस मला गावाने नीट दाखवून दिले की मी कोण आहे. मुलीच्या दारात सहानुभूतीला येणाऱ्यांची रीघ लागली, आणि येताना कोणी अंडी आणी, कोणी दूध. ती जेवू लागली. नाक्यावरच्या किराणा दुकानाचे चाचा, ज्यांच्याशी माझा कधी तंटा नाही, मला म्हणाले, “काका, इतकं शिकून तुमी पोरीच्या वाटंत आडवं आलात?” आणि त्यांनी मला मुद्दाम मोडक्या बिस्किटांचा पुडा काढून दिला. मुलगी संध्याकाळी सायकलवर माझ्या दारावरून घंटी वाजवीत जाई. लोकांना वाटे ती मला हिणवते आहे. ती औषध घेत होती.

मग एका दुपारी तिचा बाप आला. टेंपो रस्त्यावर उभा करून तो आत आला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसला. इतक्या वर्षांत तो माझ्या ओट्यावर चढला नव्हता.

“काका, एक बोलायचं हाय.”

“आपण बोलावे.”

“आपण-बिपण नको आता. मी पत्र्याला पन्हळ लावतो. उद्याच माणूस आणतो. सगळं पाणी माझ्या परसात सोडतो. तुमी म्हणाल तसं. फक्त पोरीला पळू द्या.”

माझ्या आयुष्यात मी एवढा निर्विवाद विजय पाहिला नव्हता. जे पाणी मी कोणत्याही कार्यालयाच्या दारातून वळवू शकलो नव्हतो, ते हा माणूस आपण होऊन वळवत होता. आणि मला ते घेता येत नव्हते. पन्हळ घेतली तर मुलीला उद्या पहाटे डांबरावर उतरावे लागणार होते. दहा दिवसही झाले नव्हते.

“नाही,” मी म्हणालो. हा शब्द काढताना मला झालेल्या यातना कोणत्याही न्यायालयात भरपाईयोग्य ठरतील.

त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्याने हात जोडले. “काका, एकुलती एक पोर हाय. तिला दुसरं काय नको. तुमी माणूस हाय का कोण?”

तेवढ्यात कुंपणाचे फाटक वाजले.

“बाबा, उठा,” मुलगी म्हणाली. “त्यांच्या पाया नका पडू. मीच सांगितलं त्यांना.”

“काय सांगितलं?”

“मला पळू देऊ नका म्हणून. पाय दुखतोय. डॉक्टर म्हणाल्या, पळाले तर हाड चिरंल.”

बापाने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. “दाव पाय,” तो म्हणाला. तिने दाखवला. त्याने अंगठा अगदी हळू टेकवला, आणि ती कळवळून मागे सरली, तसा त्याचा हात हवेतच राहिला.

“मला का नाय सांगितलंस गं?”

“तुमी अख्ख्या साजगावला पेढे वाटून बसलाय.”

“पेढे नाय वाटले. नुसतं सांगितलंय.”

“तेच ते.”

त्याने नाक शिंकरले आणि व्यवहारी प्रश्न विचारला. “आता बाहेर जाऊन काय सांगू? निम्मा गाव नाक्यावर थांबलाय.”

“सांगा, म्हातारा ऐकत नाही,” मी म्हणालो.

“त्याला काय,” तो म्हणाला. “ते मी झोपेत सांगंन.”

तो रस्त्यावर गेला आणि त्याने सांगायला सुरुवात केली. मी कंजूष आहे, खवट आहे, माझ्यामुळे कावळेसुद्धा आमच्या आळीत बसत नाहीत, इथपर्यंत गोष्टी गेल्या. त्याच्या आवाजात एक सच्चा आनंद होता. मी प्रत्युत्तर देऊ शकत नव्हतो, कारण दावा संगनमताचा होता. पुढे रोज संध्याकाळी टेंपो लावून झाला की तो रस्त्यात उभा राहून मला दहा मिनिटे शिव्या देई, आणि मग मागच्या दाराने येऊन विचारी, “जास्त नाय ना झालं, काका?” त्यातले बरेच मुद्दे मुलीच्या प्रकरणाशी असंबद्ध आणि निव्वळ पागोळीविषयक होते, हे मी येथे नमूद करून ठेवतो.

मुदत संपल्यावर आम्ही पुन्हा खोपोलीला गेलो. डॉक्टर बाईंनी अंगठा जोरात दाबला. मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली. “दुखतंय?” “कुठं?” तिने विचारले. एवढा सुंदर जबाब मी कधी ऐकला नव्हता.

आता तिला पळवायचे होते, पण बेताने. सरांनी गावातर्फे तडजोडीची बोलणी करायला दोन वडीलधारे पाठवलेच होते. मी फार आढेवेढे घेऊन अटी सांगितल्या: मुलीने डांबरी रस्त्यावर न येता कापलेल्या शेतांमधल्या मातीच्या वाटेवर पळावे, रोज नव्हे, एक दिवसाआड, कारण मला झोपेची गरज आहे, पहिल्या आठवड्यात थोडेच, पुढे थोडे वाढवावे, म्हणजे मला सवय होईल, आणि ज्या दिवशी ती पळणार नाही त्या दिवशी दारात टाळी वाजू नये. म्हातारा नमला, असे म्हणून गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. नवे बूट बापाने आणले. भाताची अट मी घालू शकलो नाही. ती तिच्या आईने पातेल्यानिशी घातली.

एकदाच अटीचा भंग झाला. दुखणे थांबले की माणसाला पंख फुटतात. सुट्टीच्या दिवशी ती शेतातून सुसाट येताना मला दिसली, आणि मी बांधावर उभा राहून असा ओरडलो की बगळे उडाले.

ती थबकली. “आज खरंच रागावलात, आजोबा?”

“मी नेहमीच खरा रागावतो. घरी जा!”

ती गेली. चालत गेली.

चाचणीच्या दिवशी बाप तिला टेंपोने घाटावर घेऊन निघाला. मला चौकला एका ढाब्याच्या आडोशाने चढवण्यात आले, कारण शत्रूला सोबत नेताना गावाने पाहणे इष्ट नव्हते. मैदानात फक्त उमेदवारांना प्रवेश होता. आम्ही दोघे भिंतीबाहेर उभे. आतून शिट्टी ऐकू येई, मग ओरडा, मग काहीच नाही. आधीच्या गटातल्या दोन मुली एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून लंगडत बाहेर आल्या. एकीने नडगी पट्टीने करकचून बांधली होती. बाप ते बघून पाठ फिरवून उभा राहिला.

“काका,” तो म्हणाला, “तुमी बघा. मला सांगा.”

ती बाहेर आली तेव्हा मी तिचा चेहरा पाहिला नाही. पाय पाहिले. दोन्ही सारखे पडत होते.

“सोळाशे मीटर वेळेत झालं,” ती म्हणाली. “पहिली नाय आले. मधली आले. उडी पण झाली.”

“पाय?”

“दम लागला. पाय नाय लागला.”

बापाने तिला जवळ घेतले, आणि मग मलाही घेतले. हे सर्वथा अनपेक्षित आणि माझ्या संमतीविना झाले. वैद्यकीय तपासणी, पडताळणी हे सारे पुढे होते, पण जे तिच्या हातात होते ते धड पायावर पार पडले होते. चौकला त्यांनी मला उतरवले.

तिने ताफ्यात कोणाला काही सांगितले नाही. फक्त सरांना एकट्याला सांगितले, कारण आणखी एक मुलगा पायऱ्या पाठमोरा उतरू लागल्याचे तिने पाहिले होते. सरांनी काय उत्तर दिले ते मला कळले नाही. पण चार दिवसांनी दुपारी ते स्वतःच माझ्या फाटकाशी आले. आत यावे की नाही ते त्यांना ठरवता येत नव्हते.

“आजोबा, त्या पोराला थांबवलंय मी. मीच.”

“उत्तम.”

“पण...” ते एका पायावर भार देऊन उभे होते. “माझ्या टाचेत लई दिवसांपास्नं कळ येतीय. सकाळी उठल्यावर पाऊल टेकवत नाय. पण मी सर हाय ना. मी पळायचा थांबलो, तर पोरांना काय तोंड दावू?”

“मग माझ्याकडे काय काम काढलंस?”

त्यांनी इकडेतिकडे पाहिले, आणि आवाज उतरवला.

“उद्या पहाटे माझ्यावर पण जरा ओरडाल का? रस्त्यातच. सगळ्यांसमोर.”

मी त्यांना आत बसवले, खोपोलीच्या डॉक्टर बाईंचा पत्ता दिला, आणि सांगितले की निश्चिंत राहा. दुसऱ्या दिवशी मी ताफ्याच्या बराच आधी उठलो. मुद्दे जमवायला वेळ लागला नाही. या गृहस्थांविषयीचे माझ्याकडे फार दिवसांपासून तयार होते.